केस हरलेला माणूस

माझी सगळी नोकरी कोर्टात गेली. वकील म्हणून नव्हे; तसं असतं तर हे पहिलं वाक्यसुद्धा मी फी घेतल्याशिवाय लिहिलं नसतं. कारकून म्हणून. १९७५ साली चिकटलो आणि २००९ साली, निकाली निघालेल्या कागदांना दोरी बांधून फडताळात टाकतात तसं सरकारनं मला बांधून घरी पाठवलं. मधल्या चौतीस वर्षांत माझ्या कानांवर सर्वांत जास्त वेळा पडलेला शब्द म्हणजे 'केस'. केस उभी राहिली, केस लांबली, केस पडली, केस हातची गेली. नेमक्या त्याच वर्षांत माझ्या डोक्यावरही याच क्रियापदांचा कारभार चालू होता. फरक फक्त लिंगाचा. कचेरीत ती केस, डोक्यावर तो केस. ती पडली तर वर अपील असतं. तो पडला की निकाल कायम.

टक्कल एका रात्रीत पडत नाही. ते सरकारी जागेवरच्या अतिक्रमणासारखं वाढतं. आधी कपाळाचे दोन कोपरे जातात. आपण म्हणतो, जाऊ द्या, मोठं कपाळ भाग्याचं असतं. मग टाळूवर रुपयाएवढी मोकळी जागा तयार होते. ती आपल्याला दिसत नाही, मागच्या रांगेतल्यांना दिसते. मग एके दिवशी पुढची आणि मागची मंडळी हातमिळवणी करतात. माझं लग्न १९७९ सालचं. लग्नाच्या फोटोत मी केसांसकट आहे. 'दाखवलेला माल आणि मिळालेला माल यांत तफावत आहे' अशी तक्रार हिनं पुढं केली, पण तोवर मुदतीचा कायदा आडवा आला होता.

उपाय सांगणाऱ्यांचा तुटवडा नव्हता. आत्यानं कांद्याचा रस सांगितला. कचेरीतल्या एका बेलिफानं उलटं उभं राहायला सांगितलं. आणि आईचं तेल तर होतंच. माका, ब्राह्मी, जास्वंदीची फुलं आणि आवळकाठी खोबरेलात घालून ती दर महिन्याला कढई चढवायची. त्या दिवशी आमच्या जिन्यावरून जाणारा माणूस नाक धरून 'आज तेल वाटतं?' असं विचारल्याशिवाय जात नसे. रविवारी सकाळी ते डोक्यावर थापून मी तासभर उन्हात बसायचो. तक्रार करायला जागा नव्हती. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या एबर्स पपायरस नावाच्या इजिप्शियन वैद्यकाच्या पोथीत टकलावर सिंह, पाणघोडा, मगर, मांजर, साप आणि रानबोकड यांची चरबी एकत्र करून लावायला सांगितली आहे. माझ्या आईला ती पोथी ठाऊक नव्हती हे नशीब. असती, तर तिनं मला पाणघोड्याच्या मागे पाठवलं असतं. ज्युलियस सीझरनं मात्र सोपा मार्ग काढला. सुएटोनियसनं लिहिलंय, की त्याला मिळालेल्या सगळ्या मानसन्मानांत डोक्यावर नेहमी पानांचा मुगुट घालायची परवानगी त्याला सर्वांत आवडली. आमच्या कचेरीत तशी सोय नव्हती.

आईच्या तेलाच्या बाजूनं एक भक्कम साक्ष होती. माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणी टायफॉइड झाला. ताप गेला आणि दोन-तीन महिन्यांनी केसांचे झुपके हातात यायला लागले. आईनं रडत रडत कढई चढवली. सहा-आठ महिन्यांत पोरीची वेणी पुन्हा मनगटाएवढी! या एका केसच्या जोरावर त्या तेलानं आमच्या घराण्यात पन्नास वर्षं राज्य केलं. खरा प्रकार असा, की मोठ्या तापानं पुष्कळसे केस एकदम विश्रांतीला जातात. विश्रांतीला गेलेला केस दोन-तीन महिन्यांनी गळतो, आणि तो गळत असताना खाली नवा केस निघालेला असतो. म्हणजे आपण घाबरून कढई चढवतो, तोवर परतीची गाडी सुटलेली असते. तेल फक्त स्टेशनवर उतरवून घ्यायला जातं. बेडूक ओरडला म्हणून पाऊस पडला, अशातलाच हा प्रकार. पण हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि कळल्यावरही आईला सांगायची माझी छाती झाली नाही.

तर १९८९ च्या दिवाळीत आमचे साडूभाऊ अमेरिकेहून आले. येताना त्यांनी माझ्यासाठी चार बाटल्या आणल्या. औषधाचं नाव मिनॉक्सिडिल, आणि बाटलीवर छापलेलं नाव 'रोगेन'. युरोपात तेच औषध 'रीगेन' म्हणून निघालं. रीगेन म्हणजे परत मिळवणे. अमेरिकेत त्याचं रोगेन झालं. मराठी माणसाला हे नाव औषधाचं न वाटता दुखण्याचं वाटतं, पण साडूभाऊंना तसं बोलून दाखवणं बरं दिसलं नसतं.

औषधाचा पूर्वेतिहास मोठा मजेदार आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यात कालामाझू नावाचं गाव आहे. तिथल्या अपजॉन कंपनीनं हे औषध रक्तदाबासाठी तयार केलं होतं. १९७९ साली त्याच्या गोळ्यांना परवानगी मिळाली. रक्तदाब उतरला, पण रोग्यांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस यायला लागले. नको तिथं. मग एका टकल्या रोग्याच्या डोक्यावरही ते आले, आणि १९८० साली तसं पत्र 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलं. पुढचं सांगायला नको. रक्तदाबानं माणूस मरतो, टकलानं मरत नाही. पण पैसे तो टकलासाठी आधी काढतो. औषध गोळीतून बाटलीत उतरलं आणि ऑगस्ट १९८८ मध्ये टकलावरचं अमेरिकन सरकारनं मंजूर केलेलं पहिलं औषध ठरलं. दुसऱ्याच वर्षी त्या सरकारनं बाजारातल्या बाकीच्या केशवर्धक तेला-पाण्यांवर, पुरावा नाही म्हणून, बंदीचा हुकूम काढला. आईला ही बातमी मी कळू दिली नाही.

सकाळी एक मिलिलिटर, रात्री एक मिलिलिटर. साठ मिलिलिटरची बाटली, म्हणजे एका बाटलीचा एक महिना. चार बाटल्या, चार महिने. तीर्थासारखं मोजून लावायचो. पहिल्या महिन्यात काही नाही. दुसऱ्या महिन्यात ही म्हणाली, "अहो, मागे काळसर दिसतंय हं." तिसऱ्या महिन्यात सलूनवाल्यानं आरसा मागे धरून सांगितलं, "साहेब, नवीन लव आलीय." त्याला मी आठ आणे जास्त दिले, पुढच्या खेपेला त्याला आणखी लव दिसली. आई म्हणाली, तेल शेवटी लागू पडलं. आणि मला? मला तर दिसतच होते! दोन आरसे समोरासमोर धरून, मान वाकडी करून, खिडकीच्या उजेडात मी ते मोजलेसुद्धा होते. चौथ्या महिन्यात मी साडूभाऊंना आंतरदेशीय नव्हे, चांगलं परदेशी तिकीट लावून पत्र धाडलं, की औषध गुणकारी आहे.

बाटल्या संपल्या आणि केस गेले. 'औषध थांबवलं की उगवलेले केस जातात' हे साडूभाऊंनी आधीच बजावलं होतं. त्यामुळे केस जाण्यानंही औषधाची कीर्तीच वाढली. हरलेल्या केसमध्येही नाव कमावणारे वकील मी पाहिले होते, औषध पहिलंच.

आता एकदम २०१६ साली या. आमचे चिरंजीव पस्तिशीला आले होते आणि त्यांच्या कपाळाचे कोपरे मला फार ओळखीचे वाटायला लागले होते. एका रात्री जेवणं झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला.

"बाबा, ते अमेरिकेचं औषध तुम्हाला खरंच लागू पडलं होतं?"

"म्हणजे काय! तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तर डोक्यावर चांगली..."

"तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्या बाटल्यांत पाणी होतं, बाबा."

हे ऐकून ही आतून बाहेर आली. चिरंजीवांनी सत्तावीस वर्षं दाबून ठेवलेला कबुलीजबाब दिला. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. गल्लीत टेनिसच्या चेंडूवर क्रिकेट चाले. चेंडू घासून घासून गुळगुळीत झाला, म्हणजे पोरांच्या भाषेत 'टकला' झाला, की नवा आणायला पैसे नसत. घरात केस उगवणारं औषध आलंय हे त्यानं ऐकलं होतं. पुढचा तर्क कुठल्याही शास्त्रज्ञाला शोभेल असा होता. पहिली बाटली मी वापरत होतो. कपाटावरच्या उरलेल्या तीन त्यानं एकामागून एक त्या चेंडूला चोळल्या, आणि रिकाम्या बाटल्यांत पाणी भरलं. वास यावा म्हणून माझं दाढीनंतरचं लोशन थोडं घातलं.

"मग? चेंडूला आले का?" हिनं विचारलं. चौतीस वर्षं कोर्टात राहून मला हा प्रश्न सुचला नव्हता.

"मला वाटत होतं, आली थोडी लव," तो म्हणाला. "म्हणून दुसरा एक तसाच टकला चेंडू घेतला आणि मित्राला दोन्ही दाखवले. कुठल्याला औषध लावलंय ते सांगितलं नाही. म्हटलं, सांग, केस कुठल्यावर जास्त आहेत?"

"मग?"

"त्यानं दुसराच उचलला. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही."

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट त्या रात्री मला झोपच लागली नाही, कारण डोक्यात एकच विचार घोळत होता : मी जे मोजले ते काय होतं? मी खोटं बोललो नव्हतो. ही बोलली नव्हती. सलूनवाला आठ आण्यांपुरता बोलला असेल, पण पहिल्या खेपेला तोही प्रामाणिक असावा. चार प्रामाणिक साक्षीदार, चौघांची साक्ष एकसारखी, आणि घटना घडलेलीच नाही!

माझ्या लेकानं आठव्या वर्षी केलेला प्रयोग पॅरिसमध्ये १७८४ साली झाला होता, हे मला पुढं वाचताना कळलं. मेस्मर नावाचा डॉक्टर तेव्हा एका अदृश्य चुंबकशक्तीनं रोगी बरे करत असे. राजानं चौकशी समिती नेमली, तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होते. फ्रँकलिनच्या बागेतलं एक झाड मेस्मरच्या शिष्यानं 'भारून' ठेवलं, आणि एका बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून झाडाझाडापाशी नेलं. मुलगा चौथ्या झाडापाशी बेशुद्ध पडला. भारलेलं झाड चोवीस फुटांवर होतं. औषधाच्या इतिहासात डोळ्यांवर पट्टी आली ती अशी. कोर्टातल्या न्यायदेवतेच्या डोळ्यांवर ती आधीपासून होतीच. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयातल्या नव्या मूर्तीची पट्टी काढल्याची बातमी आली. तिची काढायची तर काढा. औषध तपासणाऱ्यांची तेवढी राहू द्या, असं माझं विनम्र मत आहे.

मग मी कचेरीतल्या सवयीप्रमाणे कागद काढायला लागलो. माझ्या त्या औषधाच्या चाचणीत कंपनीनं काहींना मिनॉक्सिडिलचं दोन टक्क्यांचं द्रावण दिलं होतं आणि काहींना नुसतं द्रावण, औषध वगळून. दिसायला तेच, वासाला तेच. याला म्हणतात प्लासिबो. लॅटिन शब्द आहे. अर्थ, 'मी खूश करीन'. आपल्याकडे त्याला लुटुपुटीचं औषध म्हणता येईल. चार महिन्यांनी पुरुषांना विचारलं, काय, उगवले का? औषधवाल्यांपैकी शेकडा २६ म्हणाले, बऱ्यापैकी उगवले. ३३ म्हणाले, थोडे उगवले. आता लुटुपुटीवाल्यांचं ऐका. शेकडा ११ म्हणाले, बऱ्यापैकी. ३१ म्हणाले, थोडे. म्हणजे नुसतं पाणी चोळून शंभरातल्या बेचाळीस जणांना डोक्यावर केस दिसले. बायकांच्या चाचणीत, आठ महिन्यांनी, शंभरातल्या चाळीस जणींना दिसले. गेली सत्तावीस वर्षं मी स्वतःला अमेरिकन औषधानं बरा झालेला समजत होतो. मी त्या बेचाळिसांतला निघालो.

बेचाळीस जणांना नुसत्या विश्वासानं केस येत असतील, तर औषध हवंच कशाला, असं कुणी म्हणेल. १९५५ साली हेन्री बीचर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं जवळजवळ तसंच म्हटलं. पंधरा चाचण्यांतले १,०८२ रोगी घेऊन त्यानं हिशेब काढला, की लुटुपुटीच्या औषधानं सरासरी शेकडा ३५ लोकांना गुण येतो. हा आकडा पुढं सुभाषितासारखा तोंडोतोंडी झाला. पण त्यानं एक गोष्ट वजा केली नव्हती : आपले आपण बरे होणारे लोक. माझ्या बहिणीसारखे. २००१ साली कोपनहेगनच्या दोन संशोधकांनी अशा ११४ चाचण्या काढल्या, जिथं काहीच न दिलेला आणखी एक गट होता. लुटुपुटीवाले आणि काहीच न घेतलेले यांची तुलना केल्यावर दुखण्याखुपण्यात, रोग्यानं स्वतः सांगायच्या गोष्टींत, थोडा फरक दिसला. मोजपट्टीनं मोजायच्या गोष्टींत जवळजवळ नाहीच.

मग केस हे कशात धरायचं? दुखणं की मोजपट्टी? इथं मला दुसऱ्या औषधाचे कागद सापडले, आणि माझ्या मते साऱ्या टक्कलशास्त्रात याइतकं नाट्य दुसरीकडे नाही.

हे औषध फिनास्टेराइड, मर्क कंपनीचं. डिसेंबर १९९७ मध्ये टकलासाठी मंजूर झालं. याच्या चाचणीत टाळूवर विरळ झालेले १,५५३ पुरुष होते, १८ ते ४१ वयाचे. कंपनीनं पुरावा एका जागी ठेवला नाही. पहिली साक्ष खुद्द तपासणाऱ्या डॉक्टरांची. रोगी समोर येऊन बसे, डॉक्टर डोकं बघून वाढ-घट सांगत. दुसरी साक्ष पंचांची. ठरावीक उजेडात, ठरावीक कोनातून, केस ठरावीक तऱ्हेनं विंचरून फोटो काढत, आणि ते दूर बसलेल्या पंचांकडे जात. कोणाच्या पोटात कुठली गोळी गेली हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं आणि पंचांनाही. तिसरा पुरावा मोजणीचा. टाळूवर इंचभर व्यासाचं एक वर्तुळ घ्यायचं, तिथले केस अगदी बारीक कापायचे, आणि मोठा करून काढलेल्या फोटोत एक-एक केस मोजायचा. पुढच्या वर्षी तेच वर्तुळ सापडावं म्हणून मध्यभागी गोंदणाचा एक ठिपका! आमच्याकडे जमीनमोजणीवाले दगड पुरतात आणि तरी हद्द हलते. इथं दगड माणसाच्या डोक्यात पुरला होता. शिवाय पहिली दोन वर्षं सगळ्यांना एकच डांबरी शाम्पू. कोणी तक्रार करायला नको, की त्याचा शाम्पू चांगला होता.

वर्षानं निकाल आला. डॉक्टरांनी सांगितलं, औषध घेतलेल्यांत शेकडा ६५ जणांचे केस वाढले, लुटुपुटीवाल्यांत शेकडा ३७ जणांचे. पंचांनी फोटो बघून सांगितलं, औषधवाल्यांत ४८, लुटुपुटीवाल्यांत ७.

सदतीस आणि सात! माणसं तीच, डोकी तीच, दिवस तेच. मधले तीस गेले कुठे? ते डोक्यावर नव्हतेच. मोजणीनं सांगितलं, की लुटुपुटीवाल्यांचे वर्तुळातले केस वर्षभरात उलट कमीच झाले होते. सुरुवातीला त्या वर्तुळात सरासरी ८७६ केस होते. वर्षानं औषधवाले आणि लुटुपुटीवाले यांच्यात १०७ केसांचं अंतर पडलं, दोन वर्षांनी १३८ चं. आणि दोन वर्षांनी, केस आणखी गळालेले असताना, डॉक्टरांना लुटुपुटीवाल्यांत ३७ ऐवजी ४७ जणांची वाढ दिसत होती. पंच आपले सातावर ठाम.

कोणी डॉक्टरांना हसू नये. त्यांनाही पट्टी बांधलेलीच होती. पण पट्टी गोळीपुरती होती, माणसापुरती नव्हती. समोर खुर्चीवर दोन वर्षं न चुकता येणारा माणूस बसलाय, नीट भांग पाडून आलाय, डोळ्यांत 'काय, डॉक्टर?' असा प्रश्न आहे. अशा माणसाला तोंडावर 'घट' सांगायला काळीज लागतं. ही मला 'काळसर दिसतंय हं' म्हणाली, तेव्हा तिच्यासमोर डोकं नव्हतं, नवरा होता. फोटोला नवरा नसतो. क्षयाच्या डॉक्टरांना हे आधीच उमगलं होतं. १९४८ साली इंग्लंडात स्ट्रेप्टोमायसिनची प्रसिद्ध चाचणी छापून आली. तीत अंथरुणाला खिळलेल्या दुसऱ्या गटाला खोटी इंजेक्शनं टोचणं त्यांना प्रशस्त वाटलं नाही. मात्र छातीचे एक्स-रे बघणाऱ्यांना, हा फोटो कुठल्या गटातल्या माणसाचा, हे कळू दिलं नाही. लुटुपुटीचं औषध नसलं तरी चालेल. पाहणारा डोळा परका हवा.

फिनास्टेराइडच्या कागदांतला शेवटचा आकडा मला फार आवडला. पाच वर्षांनी डॉक्टरांना लुटुपुटीवाल्यांत वाढ दिसली ती शेकडा १५ जणांत. पंचांना ६. सत्तेचाळिसावरून पंधरावर. आशासुद्धा पाच वर्षांत थकते. आमच्या दिवाणी दाव्यांत ती याहून जास्त टिकलेली मी पाहिली आहे, पण तिथं तारीख मिळत असते.

साक्षीदार किती खरे, हे तारीख कधीची घेतली यावरही असतं. चार महिन्यांचा काळ तर फारच लबाड. शेफील्डच्या संशोधकांनी चौदा निरोगी पुरुषांचे केस दीड वर्ष मोजले आणि १९९१ साली छापलं, की गळती ऑगस्ट-सप्टेंबरात सर्वांत जास्त असते आणि वाढीला लागलेले केस मार्चमध्ये. हा तिकडच्या हवेचा हिशेब. पण समजा, तिथल्या माणसानं सप्टेंबरात घाबरून औषध सुरू केलं आणि मार्चमध्ये आरसा पाहिला, तर बाटलीत काहीही असो, त्याला गुण येणारच. आणि माणूस औषध सुरू करतो ते घाबरल्यावरच. केस जागच्या जागी असताना कोण कढई चढवतो? म्हणून दुसरा गट हवा, आणि तो शेवटपर्यंत टिकायला हवा. मिनॉक्सिडिलच्या त्या जुन्या चाचण्यांत चार महिन्यांनी लुटुपुटीवाल्यांनाही खरं औषध देऊ केलं गेलं. माणुसकीच्या दृष्टीनं योग्यच झालं. पण मग वर्षअखेरच्या सुंदर आकड्यांसमोर उलटतपासणीला कोणी उरलंच नाही.

आणि दावा दाखल कोणाचा करून घेता, हा तिसरा मुद्दा. चाई पडणे म्हणून एक प्रकार असतो. डोक्यावर नाण्याएवढे गोल चट्टे पडतात. त्यांतले पुष्कळ वर्षभरात आपोआप भरून येतात. गावोगावचे चाईवरचे रामबाण लेप या आपोआपवरच जगले आहेत. २०२२ साली बॅरिसिटिनिब या औषधाच्या दोन चाचण्या छापून आल्या. तिथं दारावरच गाळणी होती : निम्म्याहून अधिक डोकं गेलेलं हवं आणि हा फेरा सहा महिन्यांहून जुना, पण आठ वर्षांच्या आतला हवा. आज पडलेला चट्टा घेऊन येणाऱ्याला प्रवेश नाही. छत्तीस आठवड्यांनी डोक्याचा किमान ८० टक्के भाग केसांनी झाकलेला, असा निकष लावला, तेव्हा मोठ्या मात्रेवाले शेकडा ३८.८ आणि ३५.९ निघाले. लुटुपुटीवाले ६.२ आणि ३.३. बेचाळीस कुठं आणि तीन कुठं! दुखणं वेगळं आहे, हे मान्य. पण तिथं कोणी रोग्याला 'थोडे तरी उगवले ना?' असं विचारत बसलं नव्हतं.

हे सगळं मी चिरंजीवांना समजावून सांगितलं. तो त्वचेच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी त्याला फिनास्टेराइड सांगितलं. रात्री त्यानं डब्यातली घडी घातलेली चिठ्ठी वाचली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा चेहरा उतरलेला. त्या चिठ्ठीत संसारी माणसाला नाजूक वाटावेत असे काही दुष्परिणाम दिलेले असतात. ते काही जणांना खरोखरच होतात; खोटं नाही. पण २००७ साली फ्लॉरेन्सच्या डॉक्टरांनी एक चाचणी छापली होती. प्रोस्टेटच्या रोग्यांना याच औषधाची पाचपट मोठी गोळी दिली. निम्म्यांना त्या नाजूक परिणामांची कल्पना दिली, निम्म्यांना नाही. वर्षानं, सांगितलेल्यांत शेकडा ४३.६ जणांनी तक्रार केली, न सांगितलेल्यांत १५.३ जणांनी. म्हणजे 'दिसतंय हं' म्हटलं की केस दिसतात, आणि 'जपून हं' म्हटलं की दुखणं दिसतं. रोग्याला न सांगणं बरं नव्हे, हेही खरं. बापानं मुलाशी या विषयावर किती बोलावं हा निराळा प्रश्न. मी तो आकडा कागदावर लिहून त्याच्या चष्म्याच्या डब्यात ठेवला.

त्यानं डॉक्टरांशी पुन्हा बोलून गोळी सुरू केली, जानेवारी २०१७ मध्ये. या वेळी मात्र मी घरात कडक व्यवस्था लावली. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी आठला, खिडकीजवळच्या त्याच स्टुलावर बसवून, केस सारखे विंचरून, वरून फोटो. आरसा बंद. सलूनवाल्याला विचारायचं नाही. हिनं फेब्रुवारीतच "सुधारतंय हं" असा निकाल दिला. तो मी नोंदवून घेतला नाही. पंच म्हणून शेजारच्या निवृत्त गणिताच्या बाईंना नेमलं. त्यांना भीडभाड नाही. आमच्या चिरंजीवांना सातवीत शंभरांपैकी एकोणतीस गुण त्यांनीच दिले होते. जुलैच्या एक तारखेला सातही फोटोंच्या प्रती काढल्या, तारखा कापल्या, पत्त्यांसारख्या पिसल्या आणि त्यांच्यापुढे ठेवून म्हटलं, यांतला सगळ्यांत आधीचा कुठला आणि शेवटचा कुठला ते सांगा.

बाईंनी चष्मा लावला. अर्ध्या मिनिटात साती फोटो ओळीनं मांडले. मी मागे लिहिलेले गुप्त आकडे पाहिले. एकही चूक नाही. चिरंजीवांचा चेहरा उजळला. हिनं देवापुढं साखर ठेवली. मला भरून आलं.

"बाई," मी म्हटलं, "केसांत एवढा फरक स्पष्ट दिसतोय?"

"केसांत?" बाई म्हणाल्या. "केस कोण बघतंय. मागे भिंतीवर कॅलेंडर आहे की तुमचं."

कॅलेंडर काढायला हिची हरकत होती, कारण दुधाचा हिशेब त्याच्यावर असतो. शेवटी स्टूल उचलून दुसऱ्या भिंतीशी नेलं, चिरंजीवांना त्याच्यावर पुन्हा बसवलं, आणि पहिला फोटो नव्यानं काढला.